लहान नाण्यावरची मुद्रा

अकोल्याजवळच्या एका कुटुंबाने कणगीखाली सापडलेली तांब्याची शिवराई परवा आमच्या हाती ठेवली. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे कडे. राजाचे चित्र नाही, देवाचेही नाही. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचा हा साचा मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. पुढच्या ठसेकारांनी ‘शिव’चे ‘शीव’ केले, अक्षरे कडेबाहेर ढकलली, वजनही घटवले. तांबे मात्र तांबेच राहिले.

ती न्याहाळताना आम्हांस आपल्याच घरची नाणी आठवली. मध्ययुगात इटलीतील काही बिशपांना नाणी पाडण्याचा अधिकार होता. आरेझ्झोच्या नाण्यांवर संत दोनातो दिसतात. आक्विलेयाचे पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील प्रमुख बिशप, १४२० साली व्हेनिसने त्यांचा प्रदेश घेईपर्यंत टाकसाळ चालवीत होते. ‘पिक्कोलो’ ही तिकडची चिल्लर नावाला चांदीची. चांदी ओसरत गेली, तांबे उरले. ठशाची स्तुती करून येथून पुढे जाणे सोपे आहे. आम्हांस ते जमले नाही.

गोव्याची कथा अधिक बोचते. १५१० मध्ये अल्बुकर्कने तेथे पाडलेल्या नाण्यांवर क्रूस होता. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, संत कॅथरिनच्या सणादिवशी, शहर पुन्हा जिंकले गेले. म्हणून तिच्या हौतात्म्याचे चक्र पुढे ‘बझारुको’ या हलक्या नाण्यावर आले. हा गरिबाचा पैसा, मीठ-मासळीचा. आधी तो तांब्याचा होता. नंतर कथील, शिसे, तुतेनाग अशा हलक्या धातूंतही पाडला गेला. रचना म्हणून चक्र सुरेखच. वर्तुळात वर्तुळ चपखल बसते. परंतु संताची खूण पाहून ज्या कोळणीने ते निःशंकपणे पदरी बांधले, तिच्याच पदरात तोटा पडला. सत्तेने पावित्र्य उसने घेतले आणि फेड गरिबावर लोटली, असे आम्हांस वाटते.

म्हणून आमचा कौल त्या ओबडधोबड शिवराईला. एक ‘श्री’ सोडल्यास तिने देवाधर्माला जामीन ठेवलेले नाही. फादर आपलीच नाणी उणी ठरवतात, असे कोणी म्हणेल. म्हणोत! नाण्यावरची मुद्रा कोणाची, हा प्रश्न प्रभूनेही मंदिरातच, आपल्याच लोकांसमोर केला होता.

शिवराई आम्ही परत दिली. चिंच लावून घासू नका, एवढे मात्र घरच्या आजींना बजावले.