पाच मिनिटांत हल्ला!

उडते घोडे, चेटकिणी, शापित तलवारी आणि कुठल्याच नकाशात नसलेली राज्ये असलेल्या मराठी कादंबऱ्या वाचायचा मला नाद आहे. दिवसभर बँकेत खरे आकडे पाहणाऱ्या माणसाला संध्याकाळी थोडं खोटं लागतंच. माझी तक्रार राक्षसांबद्दल नाही. राक्षस चोख असतात. घोटाळा होतो तो बोलण्यात. राजकन्या ‘प्राणनाथ, क्षमस्व!’ म्हणते आणि पुढच्याच ओळीत सेनापती ‘पाच मिनिटांत हल्ला करा’ असं फर्मावतो. अहो, त्या राज्यात घड्याळ कुठाय? घटका होती की! घटका म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. हल्ल्याला पुरेशी सोय आहे.

मिनिट निदान पकडता तरी येतं. खरे चोर साध्या वेशात हिंडतात. ‘राज्याची गाडी पुन्हा रुळावर आली.’ रुळावर? आपल्याकडे आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली ती १८५३ साली!

पण हे थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. टोल्किनसाहेब ऑक्सफर्डला भाषेचेच प्राध्यापक. त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये पहिल्याच प्रकरणात आतषबाजीचा ड्रॅगन चक्क एक्सप्रेस गाडीसारखा निघून जातो. १९३७ च्या ‘हॉबिट’मध्ये गँडाल्फ थंड कोंबडी आणि टोमॅटो मागतो. टोमॅटो अमेरिकेचा, तो या जुन्या जगात कसा? १९६६ च्या आवृत्तीत साहेबांनी टोमॅटो काढून लोणचं वाढलं. बटाटा मात्र राहिला. बटाट्याला हात लावायची इंग्रजाची छाती झाली नसावी. वर परिशिष्टात त्यांनी सांगून टाकलं की मूळ ग्रंथ दुसऱ्याच भाषेतला, मी केवळ अनुवादक! अशी पळवाट वकिलालाही सुचायची नाही.

आमच्या लेखकांना एकच उपाय ठाऊक. जुनं दाखवायचं ना? ओता संस्कृत! इथे माझं भांडण आहे. सतराव्या शतकातली मराठी पत्रं काढून बघा. हुजूर, मजकूर, तपशील, हुकूम यांची नुसती रेलचेल. माझ्या टेबलावरचे जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. म्हणजे बँकेचा कारकून त्या काळात सोमवारी सकाळी बिनदिक्कत रुजू होऊ शकतो. फक्त ‘पगार’ मागताना जपावं. तो शब्द पोर्तुगीजांचा, आणि वास्को द गामा आला १४९८ ला. त्याआधी नोकरी धरली तर मागायचं काय, हा प्रश्नच.

शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, सरनौबताचा सेनापती. तो राज्यकर्त्याने विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पण कोश करावा लागला यातच आलं की लोक काय बोलत होते! आणि पुढे शंभर वर्षं पुण्यात राज्य केलं ते कुणी? पेशव्यांनीच ना?

आता तुम्ही म्हणाल, काल्पनिक राज्यात इराण कुठून आला? कबूल. पण मग काशी तरी कुठून आली? आपल्या खापरपणजोबांच्या तोंडचा शब्द परका म्हणून खोडायचा आणि त्यांना कळलंही नसतं असं बोलणं त्यांच्या तोंडी घालायचं, हा कुठला न्याय?

शब्द जुनाच हवा असंही नाही. त्या गावात नसलेली वस्तू त्याने डोळ्यांपुढे आणू नये, एवढंच माझं म्हणणं. ये, बस, जेवलास का, पळ, मारीन तुला, हे कुठल्याही शतकात खपतं. मध्यंतरी असल्याच एका कादंबरीत, पाचशे पानं क्षमस्व-क्षमस्व करून झाल्यावर, वेशीवरचा म्हातारा पहारेकरी मध्यरात्री अंधाराकडे बघून नुसतं ‘कोन हाय?’ विचारतो. मी उठून दाराची कडी बघून आलो.