चित्रपुस्तकातली लेकरं कोणत्या गावची?

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी एकाच वेळी कानावर पडते. तालुक्यातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांवर गोंडी-कोलामी बोलली जाते. माणसं वेगवेगळी बोलतात, वेगळं नेसतात, वेगळं जेवतात आणि तरी सौदा एकाच काट्यावर होतो, हे इथल्या लेकराला शाळेत नाव घालण्याआधीच कळलेलं असतं. माणसांच्या वेगळेपणावरची मराठी चित्रपुस्तकं तपासायची तर ती अशा लेकरासमोर ठेवूनच तपासावीत.

चांगलं आधी सांगतो. माधुरी पुरंदरे यांनी मराठी चित्रपुस्तकाला उपदेशाच्या तावडीतून सोडवलं. गोष्ट त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दांनी किती बोलायचं आणि चित्रावर काय सोपवायचं, हे एकच माणूस ठरवतो. ‘बाबाच्या मिशा’मध्ये एका छोट्या मुलीला बाबाच्या मिशांचं भारी कौतुक आहे. त्या नादात ती भेटेल त्याच्या मिशा न्याहाळू लागते. प्रत्येक चेहरा निराळा, हे पुस्तक कुठेच बजावत नाही. वाचणारं मूल आपणहून आजूबाजूच्या मिशांकडे बघायला लागतं. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार पुरंदरेंना मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता. त्यांच्या पुस्तकांतलं घर मात्र, ‘राधाचं घर’ घ्या किंवा दुसरं, बहुतेक वेळा मध्यमवर्गीय मराठी घर असतं. हा मी त्यांचा दोष मानत नाही. लेखकाने आपल्या ओळखीचं घर रंगवावं. दुसरी घरं रंगवणारे हात पुरेसे पुढे आले नाहीत, याचं दुःख आहे.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं ‘कॅच दॅट कॅट’ याच वाटेने जातं. त्यातली खोडकर मुलगी चाकांच्या खुर्चीतून मांजर शोधत हिंडते. खुर्ची चित्रात आहे, मजकुरात तिचा उल्लेख नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

याउलट ‘आपण सारे एक’ छापाची पुस्तकं. फेटा, टोपी, क्रूस अशी एकेक खूण घातलेली मुलं हातात हात घालून उभी, सगळ्यांचा रंग तोच फिकट गुलाबी. बंजारा बाई आली की आरशांच्या कांचळीपुरती. आदिवासी म्हटलं की वारली चित्रातली त्रिकोणी माणसं, मग गोष्ट मराठवाड्यातली का असेना! वारली ही पालघर-डहाणूकडची कला. किनवटच्या कोलाम पोराने त्यात स्वतःला कुठे शोधावं?

ही नजर उलटी फिरवता येते. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला लंडनला गेले आणि त्यातून 2004 मध्ये तारा बुक्सचं ‘द लंडन जंगल बुक’ आलं. त्यात बिग बेनचं घड्याळ कोंबड्यात मिसळून गेलंय, कारण वेळ सांगणं हे दोघांचं काम. बस इमानी कुत्र्यासारखी धावते. इथे परका कोण आणि बघणारा कोण, हे नातंच पालटतं. अर्थात पाटणगढची शैली उचलून किनवटच्या गोंडांवर चिकटवणं हाही आळसच होईल. इकडे दंडार नाच आहे, सीमेपलीकडे आदिलाबादच्या गोंडांची मोरपिसांचे टोप घातलेली गुसाडी आहे. त्यातून येणारं चित्र वेगळं असणार.

सीमेपलीकडे साहित्यातही काम झालंय. हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने 2008 च्या सुमारास ‘डिफरंट टेल्स’ हा संच काढला. दलित, मुस्लिम, गरीब घरांतली बालपणं, इंग्रजीसोबत तेलुगू आणि मल्याळममध्येही. मराठीत तशा संचाची मी वाट पाहतोय. नांदेडला जन्मलेल्या कविता महाजन यांनी ‘जोयानाचे रंग’सारखं मुलांसाठी लिहिलं आणि वारली लोकगीतंही गोळा केली. दोन्हींकडे सारखीच ओढ असणारी ही लेखिका 2018 मध्ये गेली.

आता काम किनवटमध्येच सुरू व्हावं. आश्रमशाळेतल्या पोरांनी चित्रं काढावीत, आज्यांनी गोष्टी सांगाव्यात, पानावर वर कोलामी किंवा गोरमाटी आणि खाली मराठी छापावी. कोलाम मुलगी त्यात शेळी हरवल्यामुळे यावी, कोलाम असल्यामुळे नव्हे. आणि पहिल्या प्रती पुण्यातल्या समारंभाआधी त्याच शाळेत पोचाव्यात.