‘वसुधैव कुटुम्बकम्’ : एका घराण्याचें चित्रदप्तर

चित्रपटाचें परीक्षण या त्रैमासिकांत आलेलें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रस्तुत माहितीपट म्हणजे एका घराण्याचें दप्तरच आहे; आणि दप्तराची परीक्षा करणें हें तर आपलें नेहमींचेंच काम होय.

श्री. आनंद पटवर्धन यांनीं आपल्या मातापित्यांच्या वार्धक्यांत कॅमेरा घरांत आणला आणि त्यांच्या बोलण्यांतून स्वातंत्र्याचा लढा व फाळणी यांच्या आठवणी टिपून घेतल्या. हा पट इ. स. २०२३ मध्यें पुढें आला. पित्याकडील घराणें अहमदनगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें. रावसाहेब व अच्युतराव हे त्यांचे चुलते. अच्युतरावांचें १९४२ मधील भूमिगत कार्य सर्वश्रुत आहे. माता निर्मलाबाई सिंधमधील हैदराबादच्या, शांतिनिकेतनांत शिकलेल्या व मृत्पात्रांच्या कलेंत नांवाजलेल्या. १९४७ मध्यें त्यांचें माहेर परदेशांत गेलें. वडीलधाऱ्यांस देव्हाऱ्यांत न बसवितां घरांतल्या माणसांसारखें दाखविलें, हा या पटाचा मोठा गुण होय.

तथापि नांवाविषयीं विचार करणें प्राप्त आहे. हें वचन महोपनिषदांत येतें, तसेंच हितोपदेशांतही येतें. उपनिषदांत तें उदारचित्त पुरुषाचें लक्षण आहे. हितोपदेशांत हरिणास फसवूं पाहणारा कोल्हा तेंच उच्चारतो. चित्रकर्त्याच्या हेतूविषयीं शंका नाहीं. परंतु वचन कोणाच्या मुखीं आहे, हें पाहिल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं, एवढा बोध यांतून घ्यावा. येथें बोलणारें कुटुंब सुशिक्षित आहे. त्याच्यापाशीं छायाचित्रें आहेत आणि कॅमेरा धरणारा पुत्रही आहे. त्याची साक्ष खरी, पण ती एका घराची. एक दप्तर म्हणजे सबंध मुलूख नव्हे.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. अहमदनगर जिल्ह्याची हद्द जेथें संपे तेथें निजामाचें राज्य व त्यांतील आमचा बीड जिल्हा सुरू होई. १५ ऑगस्ट १९४७ पासून पुढें तेरा महिने ही जिल्ह्याची सीमा हीच भारताची सीमा होती. रझाकारांच्या भीतीनें कित्येक कुटुंबें ती ओलांडून पलीकडे गेलीं. सप्टेंबर १९४८ नंतर पारडें फिरलें. संस्थानांतील मुसलमान वस्तीवर जें गुदरलें त्याची चौकशी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळानें केली. पुढें मराठवाड्यांतील कांहीं मुसलमान घरांतले लोक कराचीस गेले. सिंधचें हैदराबाद पटांत आहे. दक्षिणेच्या हैदराबादेची ही हकीकत अद्याप कोणाच्या कॅमेऱ्याची वाट पाहत आहे.

मात्र याबद्दल दोष चित्रकर्त्यास देण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहावें. येथें नेकनुरांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, आजोबांच्या भावानें कराचीहून पाठविलेलीं उर्दू पत्रें मला दाखविलीं होतीं. घरांत ती लिपि वाचणारें कोणी उरलें नव्हतें. मलाही ती येत नाहीं. तींच मोडी असतीं तर मीं त्याच दिवशीं नक्कल केली असती. हीं मात्र उलटसुलट करून परत दिलीं. वर्षानें गेलों, तों घर पाडून नवें बांधलें होतें आणि पत्रें रद्दींत गेलीं होतीं.

सनदा, वतनपत्रें व पोथ्या आपण जिवापाड जपतों. पोस्टकार्डास कागदपत्र मानीत नाहीं, आणि तें परक्या लिपींत असलें तर मुळींच नाहीं. मग पटांत अमुक घर दिसत नाहीं, अशी तक्रार आपण कोणत्या तोंडानें करावी? संग्राहकांस विनंती एवढीच कीं, अशीं पत्रें कोठें आढळल्यास धन्याच्या संमतीनें त्यांचीं छायाचित्रें तरी घ्यावीं, टपालाच्या शिक्क्यावरील तारीख नोंदवावी, आणि उर्दू जाणणाऱ्या माणसास शेजारीं बसवून तीं वाचून घ्यावीं. पटवर्धनांनीं आपल्या घरचें काम केलें आहे. शेजारच्या घरचें अजून राहिलें आहे.