रक्त आणि पगार

गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली आणि जाताना सात पुस्तकांची चवड माझ्या मेजावर ठेवून गेली. ती पुण्यास एका कचेरीत जपानी भाषांतराचे काम करते. पुस्तके चित्रांची होती. वरच्या पुस्तकावरील जोडपे पाहून मी वर्तमानपत्राची घडी त्यावर टाकली. घरात वाढत्या वयाची मुले आहेत, आणि शाळामास्तराच्या मेजावर काय आहे याकडे गावाचे लक्ष असते. ती हसली. म्हणाली, "सर, आधी वाचा. मग काय रागवायचे ते रागवा."

मी वाचली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, पण चित्रांनी हात दिला. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, आणि इंग्रजी अनुवादातही तीच रीत ठेवली आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे प्रेमिकांचे मीलन मी आधी वाचले आणि त्यांची ओळख नंतर झाली. असो. चूक ध्यानात आल्यावर पुन्हा योग्य टोकाकडून आरंभ केला आणि तीन रात्रींत सातही भाग संपवले. शाळेच्या पेपरतपासणीतही मी इतका जागत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

या चित्रकथेचे नाव 'मिडनाइट सेक्रेटरी'. लेखिका तोमु ओमी. तोक्योच्या शोगाकुकान प्रकाशनाच्या एका मासिकातून ती २००६ पासून २००९ पर्यंत क्रमशः येत होती. हे मासिक शाळकरी मुलींसाठी नव्हे, प्रौढ स्त्रियांसाठी निघते. आणि कथेतील शृंगारही त्याच वयाला साजेसा, म्हणजे बराच मोकळा आहे. नायिका एका मोठ्या कंपनीत सेक्रेटरी आहे. आपण उत्तम सेक्रेटरी आहोत याचा तिला अभिमान आहे. चेहरा पोरगेला दिसतो म्हणून ती केस घट्ट बांधते आणि चष्मा लावते. तिची नेमणूक क्योहेई तोमा या संचालकाकडे होते. साहेब देखणा, हुशार आणि फटकळ. त्याच्याकडे संध्याकाळी निरनिराळ्या स्त्रिया येतात, आणि त्या भेटींच्या वेळा ठरवणे हेही हिचेच काम. मग एके दिवशी तिला कळते की, साहेब रक्तपिपासू आहे. तो त्या स्त्रियांचे रक्त पितो. जीव घेत नाही, पण रक्तावाचून त्याचे चालत नाही. ही मुलगी किंचाळत पळत नाही, राजीनामाही देत नाही. साहेबाचे गुपित सांभाळून त्याचा दिनक्रम ती नव्याने आखू लागते. पुढे स्वतःचे रक्त देते. त्यापुढे प्रेम, रुसवा, विरह आणि अखेर गोड शेवट, हे सर्व ओघाने आलेच.

नायिकेचे नाव काया. जपानीत या नावाचा आपल्या शब्दाशी काही संबंध नाही. परंतु मराठी वाचकाच्या मनाला ते खटकल्यावाचून राहत नाही. कचेरीत गेलेली काया!

एवढे कथानक ऐकल्यावर आपला चोखंदळ वाचक नाक मुरडील आणि स्वप्नरंजन म्हणून पुस्तक बाजूस सारील. मीही तेच करणार होतो. परंतु एका जुन्या कादंबरीने माझा हात धरला. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातले उजाड किल्ले आणि लांब सुळे सर्वांच्या ध्यानात राहतात. पण तिची नायिका मीना ही शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे, आणि भावी पतीच्या कामास उपयोगी पडावे म्हणून लघुलेखन व टंकलेखन शिकते आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. मी मास्तर असल्यामुळे मला ते विसरता येत नाही. त्या कादंबरीतले वीर पुरुष रोजनिशा लिहितात, पत्रे लिहितात, एक डॉक्टर तर ध्वनियंत्रात बोलून ठेवतो. पण हे सगळे विस्कळीत कागद जुळवून, तारीखवार लावून, टंकलिखित करते ती मीना. ड्रॅक्युला मूळ हस्तलिखिते जाळून टाकतो, तेव्हा तिने काढलेली दुसरी प्रत तिजोरीत सुरक्षित असते. रक्तपिपासूचा पाडाव सुरीने झाला हे खरे. पण त्याची पूर्वतयारी टंकयंत्रावर झाली होती.

म्हणजे हे भूत आणि ही टायपिस्ट यांची गाठ आजची नाही. मात्र १८९७ ची मीना आपले कौशल्य भुताच्या विरुद्ध वापरते, आणि २००६ ची काया तेच कौशल्य भुताच्या चाकरीत वापरते. मधल्या काळात भुताने किल्ला सोडला आणि तो संचालकाच्या खोलीत येऊन बसला. शिकलेली स्त्रीही त्याच खोलीबाहेरच्या मेजाशी येऊन बसली. त्या मेजावरून आतला माणूस कसा दिसतो, हा या चित्रकथेचा खरा विषय आहे.

साहेबाला रक्तपिपासू म्हणणे यात नवे काही नाही. १८६७ साली कार्ल मार्क्सने आपल्या 'भांडवल' ग्रंथात भांडवलाला हीच उपमा दिली. आपल्या भाषेला तर मार्क्सचीही वाट पाहावी लागली नाही. आपण घाम गाळतो, रक्ताचे पाणी करतो, कामापायी रक्त आटवतो. आणि मालक अन्याय करतो तेव्हा त्याला जो शब्द वापरतो तो आहे 'शोषण', म्हणजे शब्दशः शोषून घेणे. सभेत हा शब्द आपण इतका झिजवला आहे की त्यातले तोंड आणि दात आता दिसेनासे झाले आहेत. ओमीबाईंनी केले ते इतकेच की, ती उपमा पुन्हा देहावर आणली. येथे साहेब खरोखर दात लावतो. गंमत म्हणजे, तसे झाल्याबरोबर शोषणाची गोष्ट प्रेमाची गोष्ट होऊन बसते. हे कसे होते? आणि ते होऊ द्यावे काय?

आधी गुणाचे बोलू. कामाचा आनंद या पुस्तकात आहे, आणि तो खरा आहे. साहेबाला कोणत्या वेळी थकवा येतो, कोणती भेट पुढे ढकलावी, कोणती टाळावी, हे न सांगता ओळखण्यात काया धन्यता मानते. ही धन्यता गुलामाची नव्हे. आपले काम चांगले येणाऱ्या माणसाची आहे. उत्तम सुताराला रंधा मारताना जे वाटते तेच तिला वेळापत्रक जुळवताना वाटते. जपानीत सेक्रेटरीला 'हिशो' म्हणतात आणि त्यातले पहिले अक्षर 'गुपित' या अर्थाचे आहे. धन्याचे गुपित राखणे हा या पेशाचा मूळ धर्म. मग गुपित जितके भयंकर, तितकी तिची कसोटी मोठी. साहेब रक्त पितो म्हणून काया त्याच्यावर भाळत नाही. साऱ्या कंपनीला न दिसणारा माणूस आपल्या एकटीला दिसला, आणि त्या चष्म्याआडची आपण त्याला दिसलो, म्हणून ती भाळते. ही भूक साधी नाही.

ती समजायला जपानी कचेरीचा थोडा इतिहास पाहावा लागतो. कचेरीतल्या मुलींना तिकडे 'ओएल', म्हणजे 'ऑफिस लेडी' म्हणतात. हे नाव १९६३ साली एका स्त्रियांच्या साप्ताहिकाने वाचकांचा कौल घेऊन रूढ केले. नाव गोड, पण अनेक ठिकाणी काम चहा देण्याचे, कागदांच्या नकला काढण्याचे आणि लग्न होताच घरी जाण्याचे. लग्न केले की राजीनामा, असा नियमच काही कंपन्यांत होता. १९६६ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने एका सिमेंट कंपनीचा असा नियम रद्द ठरवला. स्त्रीपुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा १९८५ साली संमत होऊन पुढल्या वर्षी अंमलात आला. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी नोकरीच्या दोन वाटा पाडल्या: एक बढतीची, दुसरी साहाय्याची, आणि बहुसंख्य स्त्रिया दुसऱ्या वाटेला लागल्या. १९८९ मध्ये फुकुओका शहरात एका स्त्रीने कचेरीतील लैंगिक छळाबद्दल दावा लावला व १९९२ मध्ये तो जिंकला. ओमीबाईंच्या वाचकिणी या जगात वाढल्या आहेत. चहा देणाऱ्या हातांना 'तुझ्यावाचून माझे चालत नाही' असे कोणी म्हणावे, याचे मोल त्यांना आपल्याहून अधिक कळते.

आता दोष. काया प्रथम रक्त देते ती कर्तव्य म्हणून. साहेबाला कामास उभे ठेवणे ही सेक्रेटरीची जबाबदारी, आणि रक्त हा त्या जबाबदारीचाच एक भाग, असा तिचा हिशेब. वाचताना येथे ओठांवर हसू येते, कारण लेखिकेने ते खुबीने लिहिले आहे. परंतु पुस्तक मिटल्यावर ते हसू मावळते. ज्याच्या एका सहीने आपली नेमणूक होते आणि दुसऱ्या सहीने संपते, त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा या मुलीला कितपत आहे? होकार खरा ठरायला नकार शक्य असावा लागतो. लेखिकेला हा प्रश्न पडलेला नाही असे नाही. तो पडला आहे हे जागोजागी जाणवते. पण जेव्हा जेव्हा तो तोंड वर काढतो, तेव्हा तेव्हा एक चुंबन येऊन त्याचे तोंड मिटवते. प्रेम सिद्ध झाले की साहेब व सेक्रेटरी हे नाते जणू उरतच नाही, अशी लेखिकेची समजूत दिसते. ते उरतेच. प्रेमात पडलेला साहेब सोमवारी सकाळी साहेबच असतो.

रक्त दान म्हणून देता येते. श्रमाचा मात्र मोबदला घ्यायचा असतो. या दोन गोष्टींतली सीमा पुसली की फायदा कोणाचा होतो, हे सांगायला अर्थशास्त्र नको. 'मिडनाइट सेक्रेटरी'ने ती सीमा पुसली, आणि इतक्या देखण्या हाताने पुसली की आपण टाळी वाजवतो.

हा निकाल लिहून मी लेखणी ठेवणार होतो. पण लेखणी ठेवता येईना, कारण हाच गुन्हा मी स्वतः केला आहे. बारा वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गिरणीच्या कचेरीत काम करणारी मुलगी आहे आणि एक विधुर व्यवस्थापक आहे. शेवटच्या प्रकरणात मी त्यांचे लग्न लावले. माझा व्यवस्थापक रक्त पीत नव्हता, एवढाच फरक. तेव्हा एका अनोळखी वाचकिणीचे पोस्टकार्ड आले होते. मजकूर एका ओळीचा: लग्नानंतर तिच्या नोकरीचे काय झाले? मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते कार्ड मात्र फाडलेही नाही.

दसऱ्याच्या आधी माझी विद्यार्थिनी पुस्तके न्यायला आली. मी तिला माझे सर्व आक्षेप वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "सर, तुमचे सगळे खरे आहे. पण त्या साहेबावर मी भुलले असे तुम्हाला का वाटले?"

"मग सातही भाग विकत कशाला घेतलेस?"

"एका गोष्टीसाठी. तो तिला सांगतो, मी रक्त पितो. लपवायचा प्रयत्न करतो, पण उघड झाल्यावर कबूल करतो. आमच्या कचेरीत रात्री दहाला काम सांगतात आणि त्याला 'आपण एक कुटुंब आहोत' असे म्हणतात. तीन वर्षांत कोणी विचारले नाही, तू जेवलीस का. मला दात दिसणारा साहेब पाहायचा होता."

मी म्हटले, "मग ही नोकरी सोडत का नाहीस?"

"घरभाडे, सर," ती म्हणाली आणि पुस्तके पिशवीत भरू लागली.

तिच्या बोलण्याने माझा आक्षेप खोटा ठरला नाही. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती ती आली. अशा कथांच्या वाचकिणी फसतात, असे आपण टीकाकार धरून चालतो. पुष्कळदा त्या फसत नाहीत. त्या आपल्याला हवे तेवढे घेतात आणि बाकीचे टाकून देतात. फसतो तो लेखक. त्याला वाटते, शेवट गोड केला की हिशेब चुकता झाला.

ती गेल्यावर मी माझी जुनी कादंबरी काढली. दोनशे चाळीस पृष्ठे. व्यवस्थापकाच्या डोळ्यांचे वर्णन अकरा वेळा आले आहे, मी मोजले. नायिकेला पगार किती होता, हे एकदाही आलेले नाही. सध्या एका नव्या कादंबरीचे काम चालू आहे. तिच्यातही कचेरी आहे, मेज आहे, बाहेरच्या मेजाशी बसलेली बाई आहे. तिचे प्रेम कोणावर बसणार हे अजून मला ठाऊक नाही. पण पहिल्या प्रकरणात तिच्या पगाराचा आकडा मी लिहून टाकला आहे.