'कुरण' आणि 'कुसळ' : मेंढ्यांच्या हिवाळी चराईच्या परिभाषेविषयी

मेंढीपालनाविषयी मराठीत जे माहितीपर लेखन होते त्यात 'चराऊ कुरण', 'कुरण राखणे', 'निकृष्ट गवत' हे शब्दप्रयोग पदोपदी आढळतात. त्यातील शास्त्राची परीक्षा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. आक्षेप आहे तो भाषेवर. परंतु तो केवळ शैलीविषयक आक्षेप नव्हे. शब्दाच्या जुन्या अर्थाने येथे उपदेशाचाच अर्थ पालटतो.

'कुरण' म्हणजे जनावरे चरतात ती जागा, असे आज आपण समजतो. वृत्तपत्री मराठीत तर 'चराऊ कुरण' म्हणजे ज्याने त्याने यावे आणि निर्धास्त खावे असे ठिकाण! मूळ संकेत जवळजवळ उलट आहे. चरावयाचा तो माळ किंवा गायरान. कुरण म्हणजे राखलेले गवत. मराठेशाहीत घोडदळासाठी सरकारी कुरणे राखली जात. पावसाळाभर तेथे जनावर शिरू द्यायचे नाही, गवत पुरते वाढले की कापायचे आणि गंजी रचायची, हा त्या शब्दामागील व्यवहार होय. ग्रामीण वाचकाच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही. अशा वाचकास 'हिवाळ्यासाठी कुरण राखावे' असे सांगितले म्हणजे तो आषाढापासून दिवाळीपर्यंत रान बंद ठेवतो. त्याने भाषा बरोबर वाचलेली असते.

मेंढीच्या दृष्टीने मात्र हे अहिताचे ठरते. पवन्या, मारवेल, कुसळी ही आपल्याकडील गवते उष्ण कटिबंधातील असून पावसाच्या उबदार दिवसांत झपाट्याने वाढतात. फुलोरा आला की पान थांबते, काडी वाढते, आणि मार्गशीर्षापर्यंत उभे गवत वाळून जाते. त्यातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा ६-७ च्या खाली गेले म्हणजे मेंढीच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. पचन रेंगाळते, आणि म्हणून खाणेही कमी होते. गवत कमरेइतके उभे असूनही मेंढी खंगते ती अशी. शिवाय मेंढी निवडून खाते. तिला पान हवे, काडी नको. अर्थात पावसाळ्याच्या उत्तरार्धात बेताने चारून आखूड व पानेदार ठेवलेले रान तिला हिवाळ्यात अधिक उपयोगी पडते, मग गवताचे एकंदर वजन थोडे कमी भरले तरी चालेल. बैलाच्या गंजीसाठी जे राखणे शहाणपणाचे, ते मेंढीसाठी तसे नव्हे. 'कुरण' हा एकच शब्द दोहोंना लावल्याने हा भेद दृष्टीआड होतो.

कुसळीच्या बाबतीत तर तो बोचतो. कोवळेपणी हे गवत मेंढी आवडीने खाते. पिकल्यावर त्याच्या बियांचे तीक्ष्ण टोक लोकरीत शिरते, आणि सुकताना कुसळ पिळा घेत व ओल लागताच तो सोडत असल्याने ते कातडीत अधिकच रुतत जाते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पूर्व भागात, याच गवताच्या प्रदेशात, एकोणिसाव्या शतकात आरंभी मेंढ्या पाळल्या गेल्या. पुढे त्यांची जागा गाईगुरांनी घेतली, त्याच्या कारणांत या कुसळांचा उपद्रव हे एक होते. आपल्या म्हणीत दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ क्षुल्लक मानले आहे. ती म्हण मेंढपाळाने रचलेली नसावी.

'निकृष्ट' या विशेषणाविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. श्रावणातील कुसळी आणि पौषातील कुसळी यांना एकच विशेषण लावले की काळाचा गुण जातीला चिकटतो, आणि जातीचा जमिनीला. 'निकृष्ट गवत' पासून 'पडीक जमीन' फार दूर नाही. देशातील पडीक भूमीच्या २०१९ सालच्या शासकीय नकाशासंग्रहात खालावलेल्या चराऊ जमिनींचा एक स्वतंत्र वर्गच आहे. जे रान पडीक ठरले ते झाडे लावण्यास किंवा अन्य कामास मोकळे मानले जाते, आणि मेंढपाळाचा माळ तेवढा आक्रसतो.

धनगराने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. माणदेशाच्या बाजूचे कित्येक वाडे दिवाळीनंतर कोकणाची वाट धरतात. वाटेत कापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवाव्यात, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यावे, असा तो क्रम. या व्यवहाराचे क्रियापद 'चारणे' हे प्रयोजक आहे : केव्हा, कोठे, किती, हे ठरविणारा कर्ता त्यात उभा असतो. आमच्या पुस्तिकांतील 'चराई' या नामात तो कर्ता नाहीसा होतो. (जुन्या दप्तरांत 'चराई' म्हणजे चारण्याबद्दल घेतलेला कर; तेथे निदान घेणारा तरी दिसतो.)

नव्या संज्ञा घडविण्याची येथे आवश्यकता नाही. कापावयाच्या गवतास 'कुरण' म्हणावे, मेंढ्यांच्या रानास 'माळ'. 'निकृष्ट' ऐवजी 'फुलोऱ्यापूर्वीचे', 'पिकलेले', 'वाळलेले' असे अवस्थेचे शब्द वापरावेत. आणि जेथे सल्ला द्यावयाचा तेथे वाक्य 'चारावे' या क्रियापदाने, महिन्याच्या नावासह लिहावे.