बी. रघुनाथ : सोसणे आणि लिहिणे

नामपल्लीच्या रस्त्याने स्थानकाकडे जाऊ लागले की उर्दू, तेलुगू, हिंदी अशा भाषा एकामागून एक कानांवर येतात, आणि मध्येच मराठवाड्याकडच्या वळणाची मराठीही ऐकू येते. ही मराठी इतर भाषांना बिचकत नाही. दुकानदाराशी बोलताना ती उर्दूचे शब्द घेते आणि घरी परतताना ते बरोबर घेऊनही जाते. पुण्याच्या कानाला हा भ्रष्टाकार वाटेल. ज्यांनी या शहरात दिवस काढले त्यांना मात्र ही तगून राहण्याची एक रीत आहे हे सांगावे लागत नाही. अशा बोलीच्या सहवासात ज्याचे कान तयार झाले, त्या बी. रघुनाथांविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी परभणी जिल्ह्यातील सातोना येथे झाला. शिक्षण हैदराबादेस झाले. १९३१ साली डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्यसंमेलन भरले, तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा याच शहरात शिकत होता. मॅट्रिकनंतर पितृछत्र हरपले, पुढचे शिक्षण राहिले आणि बांधकाम खात्यातील कारकुनी पत्करावी लागली. ती अखेरपर्यंत सुटली नाही. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. वय चाळीस.

चरित्र एवढेच आहे, आणि दुर्दैवाने आपली समीक्षाही पुष्कळदा एवढ्यावरच थांबते. टेबलावर कोसळलेला कवी हे चित्र इतके हृदयद्रावक आहे, की त्याच्याकडे पाहता पाहता त्याने काय लिहिले हे पाहावयाचे राहून जाते. परभणीस त्यांच्या नावाचे सभागृह उभे आहे, सभांतून त्यांच्या हालअपेष्टांचे वर्णन होते, आणि श्रोते हळहळून घरी जातात. या हळहळीने त्यांच्यावर अन्याय होतो असे मला वाटते. सुमारे वीस वर्षांच्या कारकुनीत ज्याने सात कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, दोन काव्यसंग्रह आणि 'अलकेचा प्रवासी'मधील ललित लेखन एवढे काम केले, त्याला पिचलेला म्हणणे शब्दाचा दुरुपयोग आहे.

मग त्यांचे सोसणे कोणत्या जातीचे होते? त्याचा एक धागा त्यांच्या पुस्तकांच्या नावांतच सापडतो. नावांवरून सिद्धांत मांडू नयेत हे मान्य आहे. तथापि 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' ही तीन कथासंग्रहांची नावे एका ओळीत ठेवून पाहावीत. मद्य देणारा हात, निष्कांचनाचे पांघरूण आणि प्रवासात पाणी नेण्याची पिशवी! पहिले नाव मैफलीचे, बाकीची दोन वाटसरूची. माधव जूलियनांनी फारसीचा व्यासंग केला, कोश रचला आणि मग ते वाङ्मय मराठीत आणले. त्यांच्या मागे ग्रंथालय होते. रघुनाथांना हे शब्द ग्रंथांतून शोधावे लागले नाहीत. ज्या राज्यात कारभार उर्दूत चाले आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, तेथे मराठी लेखकाला दोनच वाटा दिसत : रुसून शुद्ध राहावे, किंवा स्वत्व सोडून द्यावे. रघुनाथांनी तिसरी वाट धरली. परक्या सत्तेची भाषा त्यांनी तिच्या सत्तेपासून सोडवली आणि घरात आणली. माझ्या मते ही तडजोड नव्हे, आत्मसात करणे होय.

'म्हणे लढाई संपली' या कादंबरीच्या नावातील पहिला शब्द या दृष्टीने फार बोलका आहे. मराठीतील हे 'म्हणे' अजब अव्यय आहे. ते विश्वास ठेवीत नाही आणि नाकारीतही नाही. ऐकलेले पुढे सांगते आणि स्वतः किंचित बाजूला उभे राहते. जगाची लढाई १९४५ साली संपली. हैदराबाद संस्थानातील माणसाची कुठे संपली होती? १५ ऑगस्ट १९४७ हा रघुनाथांचा चौतिसावा वाढदिवस होता; त्या दिवशी देश स्वतंत्र झाला आणि ज्याचा वाढदिवस तो परतंत्रच राहिला. १७ सप्टेंबर १९४८ उजाडेपर्यंत त्याला वाट पाहावी लागली. अशा माणसाच्या तोंडी आक्रोश शोभला असता. त्याच्या तोंडी 'म्हणे' आले, हा स्वभाव आहे.

कवितेतही हेच आढळते. खेळणारी पोर परगावी गेल्यावर मागे राहिलेल्या चंदनाच्या विठोबाची त्यांची कविता मराठी वाचकांस ठाऊकच आहे. येथे बाप स्वतःविषयी चकार शब्द काढीत नाही. पोरका होतो तो लाकडी देव. ओस पडते ती ओसरी. दुःख दुसऱ्याच्या अंगावर घालून त्याच्याकडे पाहावयाचे, म्हणजे ते पाहण्याजोगे होते, ही युक्ती त्यांना साधली होती. 'आलाप आणि विलाप' (१९४१) या पहिल्या संग्रहाच्या नावातही विलापाआधी आलाप येतो. स्वर आधी लागला पाहिजे, रडणे मागून!

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिळेल तेवढ्या वेळात, मिळेल त्या प्रकारात लिहिणाऱ्याला लवचिकपणाची किंमत द्यावी लागते. त्यांच्या सर्व कादंबऱ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. काही ठिकाणी घाई जाणवते. पात्राला अजून थोडे जगू द्यावयास हवे होते असे वाटते आणि प्रकरण संपते. निवांतपणा मिळता तर हे दोष गेले असते असे त्यांचे चाहते म्हणतात. मला तशी खात्री नाही. निवांतपणा मिळालेल्या लेखकांच्या घाईची उदाहरणे मराठीत थोडी नाहीत.

'आडगावचे चौधरी' त्यांच्या निधनानंतर, १९५४ साली प्रसिद्ध झाली. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा काव्यसंग्रह त्यानंतर एका वर्षाने. कादंबरीत ते मैफल आणि साकी मागे ठेवून मराठवाड्यातील खेड्याकडे वळले आहेत आणि तेथली माणसे न्याहाळीत आहेत. चाळिशीच्या उंबरठ्यावर लेखक आपला प्रांत बदलतो, जुना हातखंडा बाजूला ठेवतो, हे धाडस त्यांच्या कारकुनीच्या कथेपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. रघुनाथांचे नाव नुकतेच ऐकलेल्या वाचकाने 'त्यांचे काय वाचू?' असे विचारले, तर त्यांच्या मृत्यूची हकीकत न सांगता मी त्याच्या हाती 'आडगावचे चौधरी' देईन.