पन्नास मिलिसेकंद कोठून आले?

शाळेच्या पुस्तकात विद्युत परिपथाची आकृती असते. घट, दिवा, जोडतारा आणि कळ. कळीचे चिन्ह म्हणजे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी किंवा न जोडणारी एक रेघ. रेघ टेकली की दिवा लागला, उचलली की विझला. मधली अवस्थाच नाही. दिव्यापुरते हे चित्र पुरेसे आहे, कारण सेकंदाच्या हजाराव्या भागात काय घडते ते डोळ्याला दिसत नाही. पण त्याच कळीला सेकंदातून हजारो वेळा तपासणी करणारी चिप जोडली की हे चित्र खोटे पडते. कळ एकदाच दाबलेली असते आणि चिप सांगते, चार वेळा दाबली.

आज हा प्रश्न शाळेच्या दारात आला आहे. 2016 पासून देशभर अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि सहावी ते बारावीची मुले आर्डुइनोसारखे इलेक्ट्रॉनिक पट्टे हाताळू लागली. या पट्ट्यासोबत नमुन्याचे धडे मिळतात. त्यांपैकी एकाचे नाव ‘डिबाउन्स’, म्हणजे कळीची उसळी काढून टाकणे. डेव्हिड मेलिस यांनी 2006 मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम पुढे इतरांनी सुधारला आणि जगभरच्या नवशिक्यांनी गिरवला. एखाद्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करावे तसे या धड्याचे परीक्षण करणे योग्य होईल, असे आम्हाला वाटते. शिक्षकांच्या हातात तो आयता पडतो आणि ‘चालतो’ म्हणून तसाच पुढे दिला जातो.

प्रथम धड्यात काय आहे ते पाहू. एक बटण आणि एक दिवा. बटण दाबले की दिवा लागावा, पुन्हा दाबले की विझावा. उसळी न काढता हा प्रयोग केला तर दिवा लहरीपणाने वागतो. चिपने विषम संख्येने दाब मोजले तर दिव्याची स्थिती बदलते, सम संख्येने मोजले तर होती तशीच राहते. यावर धड्याने उपाय दिला आहे : बटणाची स्थिती बदललेली दिसली की घड्याळ शून्यावर आणा, आणि 50 मिलिसेकंद ती स्थिर राहिली तरच खरी माना. दिवा तरीही थरथरला तर हा आकडा वाढवा, अशी सूचनाही शेजारीच आहे.

उपाय चोख आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. प्रोग्राम आटोपशीर आहे, आणि वाट पाहत असताना चिपला इतर कामे करता येतात हा त्याचा मोठा गुण. आमची तक्रार आहे ती स्पष्टीकरणाबद्दल.

पहिली गोष्ट कारणाची. बटण खोटे दाब का दाखवते? यांत्रिक आणि भौतिक कारणांमुळे, एवढेच उत्तर धडा देतो. वर्गात एखाद्या मुलाने विचारले, ‘पाऊस का पडतो?’ आणि आपण म्हणालो, ‘नैसर्गिक कारणांमुळे’, तर ते उत्तर होईल का? येथे खरे कारण तर नववी-दहावीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे.

गोटी फरशीवर टाका आणि डोळे मिटून ऐका. टक्... टक्.. टक्. टक्टक् आणि मग शांत. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा लहान आणि लवकर संपणारी. कळीतली पत्री किंवा रिलेतली लवचिक पट्टी हेच करते. ती धातूच्या स्थिर टोकावर आदळते, उसळते, स्प्रिंग तिला परत दाबते, ती पुन्हा आदळते. गोटीला खाली आणते गुरुत्वाकर्षण, पट्टीला आणते स्प्रिंग, एवढाच फरक.

आता थोडा हिशेब करू. समजा, हलणाऱ्या भागाचे वस्तुमान 0.2 ग्रॅम आहे, तो सेकंदाला 0.2 मीटर वेगाने आदळतो, स्प्रिंगचा दाब 0.1 न्यूटन आहे आणि प्रत्येक आदळण्यानंतर वेग निम्मा उरतो. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. ते येते सेकंदवर्गाला 500 मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पन्नासपट. पहिल्या उसळीचा वेग 0.1 मीटर, म्हणून वर जाऊन परत येण्यास लागणारा वेळ दुप्पट वेग भागिले त्वरण, म्हणजे 0.4 मिलिसेकंद. पुढची उसळी 0.2, त्यापुढची 0.1. सगळ्यांची बेरीज 0.8 मिलिसेकंद. पहिल्या उसळीची उंची किती? वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो. म्हणूनच डोळ्याला काही दिसत नाही आणि पुस्तकातली रेघ आपल्याला खरी वाटत राहते.

हे आकडे आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष पट्टी स्वतःही कंप पावते, टोके एकमेकांवर घासतात, बोटाचा जोर दर वेळी वेगळा असतो. तरीही एवढ्या हिशेबाने उसळीचा काळ कोणत्या पट्टीतला आहे ते कळते, आणि ती कमी कशी करावी हेही कळते : हलका भाग, कमी वेग, जोरकस स्प्रिंग. गतीची समीकरणे परीक्षेच्या बाहेर कोठे लागतात, असे विचारणाऱ्या मुलासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

दुसरी गोष्ट आकड्याची. 50 मिलिसेकंद कोठून आले? धडा सांगत नाही. वास्तविक हा मोजून काढण्याचा विषय आहे. अमेरिकी अभियंता जॅक गॅन्सल यांनी अठरा प्रकारच्या कळा घेऊन प्रत्येक कळ तीनशे वेळा दाबली आणि उसळीचा काळ नोंदवला. दोन विक्षिप्त कळा वगळता बाकीच्यांची सरासरी निघाली सुमारे 1.6 मिलिसेकंद, आणि सर्वांत मोठी नोंद 6.2 मिलिसेकंद. वगळलेल्यांपैकी एक कळ मात्र सोडताना दीडशे मिलिसेकंदांहून अधिक काळ धडधडत राहिली. म्हणजे 50 हा आकडा बहुतेक कळांसाठी गरजेच्या कितीतरी पट मोठा आहे आणि एखाद्या कळीच्या एकूण उसळीपेक्षा लहानही. ‘सुरक्षित आकडा’ असा काही नसतोच. ज्या कळीशी काम आहे ती मोजावी लागते.

येथे एक बारकावा आहे आणि तो धड्यातून पूर्णपणे निसटला आहे. स्थिती बदलली की घड्याळ पुन्हा शून्यावर जात असेल, तर आपला आकडा एकूण उसळीपेक्षा मोठा असण्याची गरजच नाही. तो दोन बदलांमधल्या सर्वांत लांब अंतरापेक्षा मोठा असला की झाले. वरच्या हिशेबात एकूण उसळी 0.8 मिलिसेकंदांची आहे, पण सर्वांत लांब अंतर 0.4 चे. ती दीडशे मिलिसेकंदांची धडधडसुद्धा, मधे 50 मिलिसेकंदांची शांतता येत नसेल तर, हा प्रोग्राम बरोबर ओळखेल. हे या पद्धतीचे सौंदर्य आहे, आणि धड्यात त्याविषयी एक शब्द नाही.

उलट, धड्याच्या प्रस्तावनेत असे म्हटले आहे की उसळी काढणे म्हणजे थोड्या वेळात बटण दोनदा तपासून पाहणे. प्रोग्राम हे करतच नाही! दोनदा तपासले आणि दोन्ही वेळा योगायोगाने पट्टी टेकलेली सापडली, तर मधल्या उसळ्या सुटून जातील. प्रोग्राम दोनदा नव्हे, सतत पाहतो आणि अखंड शांततेची वाट बघतो. करणी चांगली आणि वर्णन चुकीचे, असा हा प्रकार आहे. प्रस्तावना वाचून स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसणारा विद्यार्थी कमी प्रतीचा प्रोग्राम लिहील.

तिसरी गोष्ट किमतीची. थांबण्याला किंमत असते. दिवा 50 मिलिसेकंद उशिरा लागला तर कोणाचे बिघडत नाही. पण हाच तुकडा उचलून मुलांनी मुक्तपतनाच्या प्रयोगात घातला तर? एक मीटर उंचीवरून सोडलेला गोळा 0.45 सेकंदात खाली येतो. सुरुवात अचूक नोंदली, पण खालच्या कळीची नोंद 50 मिलिसेकंद उशिरा झाली, तर वेळ भरेल 0.50 सेकंद आणि गुरुत्वत्वरण निघेल 9.8 ऐवजी 7.9. मुले हवेच्या विरोधाला दोष देतील, कदाचित शिक्षकही देतील. दोष असेल मुकाट्याने उचललेल्या एका आकड्याचा.

यातून सुटका सोपी आहे. गोळा कळीवर पडला ती खरी वेळ पहिल्या स्पर्शाची, उसळी नंतरची. म्हणून पहिल्या स्पर्शाचीच वेळ टिपावी आणि त्यानंतर काही मिलिसेकंद कान बंद करावेत. ‘आधी नोंद, मग दुर्लक्ष’ ही एक रीत, ‘आधी शांतता, मग विश्वास’ ही दुसरी. पहिलीत उशीर नाही, पण तारेत शिरलेला एखादा भटका विद्युत झटकाही तिला खरा स्पर्श वाटतो. दुसरी अशा झटक्याला फसत नाही, पण उशीर करते. कोठे कोणती वापरावी हे कामावर ठरते. धड्याने दुसरी रीत दिली, पण ती अनेकांपैकी एक आहे हे सांगितले नाही.

इतरही उपाय आहेत आणि ते प्रोग्रामविना होतात. दोन टोकांमध्ये फिरणारी कळ घेऊन तिला दोन गेटांचा लॅच जोडला, तर पट्टी पहिल्या टोकावर कितीही उसळली तरी दुसऱ्या टोकापर्यंत परत जात नाही, म्हणून लॅच एकदाच पलटतो. येथे थांबावे लागत नाही आणि आकडाही निवडावा लागत नाही. पूर्वी काही रिलेंमध्ये टोकांवर पाऱ्याचा थर ठेवत. पट्टी उसळली तरी पाऱ्याचा पूल तुटत नसे. पारा विषारी, म्हणून आता ही वाट बव्हंशी बंद झाली आहे.

शेवटची गोष्ट धड्याच्या मर्यादेची. त्यात उसळी फक्त बटणात आहे, जणू ती चिपला मिळणाऱ्या माहितीचा दोष. पण शाळेतल्या संचात निळ्या ठोकळ्यासारखा रिले असतो आणि मुले त्याने दिवे लावतात. तो रिलेही उसळतो, आणि तेथे कोणताही प्रोग्राम मदतीला येत नाही. 230 व्होल्टवर चालणारा 100 वॅटचा तारेचा दिवा लागल्यावर अर्ध्या अँपियरहून कमी प्रवाह घेतो, पण थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असल्याने पहिल्या क्षणी प्रवाह चार अँपियरच्या पलीकडे जातो. नेमक्या त्याच क्षणी टोके उसळत असतात. प्रत्येक उसळीत बारीक ठिणगी पडते, धातूचा कण वितळतो, आणि तो थिजताना टोके चिकटू शकतात. मग बंद केलेला दिवा बंदच होत नाही. रिले दोन-तीन वर्षांत का निकामी होतो, याचे एक उत्तर या मिलिसेकंदात आहे. (घरगुती वीजपुरवठ्यावर हा प्रयोग वर्गात करू नये, हे सांगायला नकोच.)

मग शिक्षकाने काय करावे? हा धडा टाकून देऊ नये. त्याच्या आधी एक तास मोजणीचा ठेवावा. आर्डुइनोच्या नेहमीच्या पट्ट्यात मायक्रोसेकंदांत वेळ सांगणारी सोय अंगभूत आहे. तिची पायरी चार मायक्रोसेकंदांची. बटणाची स्थिती जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळांची नोंद करणारा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम पुरतो. ऑसिलोस्कोप लागत नाही. प्रत्येक गटाने वेगळी कळ घ्यावी : संचातले बटण, दाराच्या घंटीचे बटण, जुन्या रेडिओतली कळ. प्रत्येक कळ शंभरदा दाबावी, हळू आणि जोरात, आणि सोडतानाचीही नोंद घ्यावी. फळ्यावर स्तंभालेख काढावा. मग विचारावे : आपल्या वर्गासाठी आकडा किती ठेवायचा, आणि का?

कोणी म्हणेल पाच, कोणी म्हणेल वीस. एखाद्या गटाची कळ सगळ्यांचे आकडे मोडीत काढील. वाद होईल. त्या वादानंतर धडा उघडला तर 50 ही तयार मिळालेली संख्या राहणार नाही. कोणीतरी घेतलेला एक निर्णय म्हणून मुले तिच्याकडे पाहतील, आणि तो आपल्या कामाला योग्य आहे की नाही हे स्वतः ठरवतील.